तीन आकडे

दस्तगीर शिकलगार उकिडवे बसले, ओल्या फडक्यानं टायरची कड पुसली आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता वहिनींना विचारलं, "ताई, ही गाडी ह्याच टायरवर चालत होती?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "माझे मिस्टर चालवायचे."

ते उठून दुसऱ्या चाकाकडे गेले.

२००५ सालचा जुलै होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलगारांचं टायरचं दुकान होतं, पुढे पत्र्याची शेड आणि आत छतापर्यंत रचलेले टायर. वहिनींनी तिथं येऊ नये असं मला वाटत होतं. इचलकरंजीहून निघताना मी त्यांना दोनदा सांगितलं होतं की टायरच्या दुकानात बायकांना बसायलासुद्धा जागा नसते, सगळीकडे वंगण आणि काळं पाणी, तुम्ही घरी थांबा, मी तासाभरात चार टायर बसवून येतो. गाडी विकायचीच होती. पुण्याचा माणूस पुढच्या रविवारी न्यायला येणार होता. त्याला गाडी स्वतःच्या चाकांवर उभी दिसली की झालं, मग टायर कुठले का असेनात. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल घातली.

"तो माणूस ती चालवत पुण्याला नेणार आहे ना," त्या म्हणाल्या. "मग टायर मी बघून घेणार."

गाडी माझ्या थोरल्या भावाची, भरतेशची. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. इचलकरंजीत त्याचा यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, सहा लेथ आणि दहा माणसं. मी सुताचा दलाल. तो लोखंडात रमायचा, मी भावात. सावंतवाडीकडच्या एका खाणमालकाच्या गोदामात ही गाडी त्याला सापडली. जर्मन बनावटीची, १९७४ सालची, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. कंपनीचं नाव सांगत नाही, आमच्या गल्लीत ते कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. दोनशे घोड्यांचं इंजिन होतं, पण त्यात उंदरांनी घरं केली होती. अण्णानं तीन वर्षं खपून ती उभी केली. जे भाग मिळाले नाहीत ते लेथवर स्वतः कातले. रविवारी सकाळी तो ती बाहेर काढायचा तेव्हा शेजारपाजारची माणसं चहाचे कप घेऊन दारात उभी राहायची. अण्णाला मूलबाळ नव्हतं. त्यावरून लोक काय म्हणायचे ते तुम्ही समजू शकता.

२००४च्या सप्टेंबरात, दशलक्षण पर्वात, तो बेळगावला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. आम्ही जैन. वहिनी पर्वाच्या दहा दिवसांत एकदाच जेवायच्या, तेही सूर्य मावळायच्या आत. त्या दिवशी अण्णानं त्यांना सांगितलं होतं की परत आलो की दोघं बरोबर बसू. पाच वाजून गेले तरी तो आला नाही, म्हणून वहिनींनी त्याच्या मोबाइलवर फोन केला. निपाणीच्या अलीकडे गाडीचा मागचा टायर फुटला. गाडी दोनदा उलटून उसात गेली. अण्णा बाहेर फेकला गेला होता. मी पोचलो तेव्हा त्याला चादर घातलेली होती.

पंचनाम्यात अतिवेग असं लिहिलं होतं. मीही तेच सांगत होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आतल्या खोलीत बसवून मीच सांगायचो, अण्णाला वेगाचं वेड होतं, आम्ही कितीदा समजावलं. वहिनी ऐकत असायच्या. त्यांनी मनात काय जुळवलं ते आम्हाला पुढं कळलं. तेव्हापासून त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं ते सोडलंच. पर्व संपलं, दिवाळी झाली, उन्हाळा गेला. दुपारी एकदा जेवायच्या. माझी बायको ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. "मी फोन केला नसता तर ते सावकाश आले असते," एवढं एकदा त्या तिला म्हणाल्या होत्या.

शिकलगारांनी तिन्ही चाकं बघितली. चौथ्या जागी, उलटलेली गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी, ती ट्रकवर घालून इथं आणता यावी म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाडीचं चाक लावून दिलं होतं. ते हात पुसत आमच्याकडे आले. साठीचा माणूस, आवाज बारीक.

"फुटलेला टायर फेकून दिलात?"

मी हो म्हणणार होतो, पण वहिनी म्हणाल्या, "डिकीत आहे. पोलिसांनी परत दिला तेव्हापासून तसाच."

तो टायर मी कधी नीट पाहिला नव्हता. पोलीस ठाण्याच्या आवारात तो गाडीशेजारी पडला होता, तेव्हा मी दुसरीकडे बघत कागदांवर सह्या केल्या होत्या. शिकलगारांनी तो बाहेर काढून फरशीवर ठेवला. वरच्या नक्षीचा पट्टा सोलल्यासारखा निघून लोंबत होता. त्यांनी तो उचलून पालथा केला, आतून हात फिरवला.

"दगड लागून फुटला तर असा फुटत नाही," ते म्हणाले. "हा आतनं सुटलाय."

मग त्यांनी वहिनींना खाली वाकायला सांगितलं आणि टायरच्या कडेवर बोट ठेवलं. मीही वाकलो. काळ्यावर काळे, बारीक, एका चौकटीत बसवलेले आकडे होते.

"हे बघा ताई. टायर कधी केला ते कंपनी त्याच्यावरच छापते. दोन हजार सालापासनं चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ह्याच्यावर किती हायत?"

"तीन," वहिनी म्हणाल्या. "तीन, आठ, एक."

"अडतिसावा आठवडा. आणि एक म्हणजे एक्क्याण्णव साल. चारी टायर एकाच वेळचे. अपघात कधी झाला?"

"गेल्या सप्टेंबरात."

"म्हणजे तेरा वर्षांचा टायर. नक्षी बघून कुणालाबी नवा वाटंल. पण रबर पडून पडून मरतं. वापरा नाहीतर गोणपाटात गुंडाळून ठेवा, मरतंच." त्यांनी खाचेत नख घालून ती फाकवली. आत केसासारख्या भेगा होत्या.

वहिनी बराच वेळ त्या भेगांकडे बघत होत्या. मग त्यांनी जे विचारलं त्यासाठीच त्या चप्पल घालून निघाल्या होत्या की काय, असं मला वाटलं.

"वेगामुळे नाही फुटला?"

"ते किती जोरात होते ते मी कसं सांगू? पण हा सत्तरच्या वेगावरबी सुटला असता. आज नाही तर चार दिवसांनी. ह्याची वेळ भरली होती."

वहिनी मागं सरकल्या आणि तिथं पडलेल्या टायरच्या चळतीवर बसल्या. पांढऱ्या साडीला काळं लागत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. शिकलगारांनी माठातलं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

"असले टायर कुणी दिले हो तुम्हाला?" शिकलगारांनी आम्हा दोघांकडे बघत विचारलं.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी वहिनीच म्हणाल्या, "त्यांनीच मागवले होते. मुंबईहून."

मी तोंड मिटलं.

ते टायर मी आणले होते. दोन वर्षांपूर्वी गाडी तयार झाली तेव्हा फक्त टायर राहिले होते. ह्या मापाचा टायर आमच्याकडे कुणाकडे नव्हता. मुंबईच्या एका मोठ्या दुकानानं जो भाव सांगितला तो ऐकून अण्णा आठवडाभर गप्प होता. कारखान्यात तेव्हा मंदी होती, दोन लेथ बंद होते. मी म्हटलं, मी महिन्यातून दोनदा मुंबईला जातोच, मला बघू दे. तो म्हणाला, "तुला भाव करता येतो. तूच बघ." मी दोन फेऱ्या वाया घालवल्या आणि तिसऱ्या फेरीत भेंडीबाजाराच्या मागं एका गाळ्यात मला ते सापडले. चार टायर, परदेशी, नेमकं माप, वेगासाठी लागतं ते व्ही अक्षरसुद्धा कडेला होतं. कागदी लेबलं अजून चिकटलेली. अर्ध्याहून कमी भावात मिळाले. मी ते एका ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर टाकून आणले आणि अण्णाच्या कारखान्यात उतरवले तेव्हा त्यानं एका टायरला नाक लावून वास घेतला आणि दहा माणसांसमोर मला मिठी मारली. लहानपणापासून त्यानं मला कधी मिठी मारली नव्हती.

शिकलगार आता वहिनींना नवे टायर दाखवत होते. टॅक्सीला लागतात ते बसतील, म्हणाले, सगळ्यात स्वस्त तेच, पण एवढ्या ताकदीच्या गाडीला मी ते लावणार नाही. जसे होते तसे परदेशी हवेत तर मद्रासहून मागवावे लागतील, तीन आठवडे जातील, आणि किंमत मी सांगत नाही. तिसरा त्यांनी वरच्या फळीवरून काठीनं ओढून काढला. आपल्याकडचाच, किंचित अरुंद, त्यावर एच अक्षर.

"दोनशेपर्यंत काय होत नाही. आणि आपल्याकडं दोनशेनं जातंय कोण? किंमतबी बरी. आणि हे बघा, वाचा तुम्हीच."

वहिनींनी वाकून वाचलं. "एक, नऊ, शून्य, पाच."

"मे महिन्यातला. स्वस्त टायर वाईट नसतो ताई, शिळा वाईट असतो."

"हे टायर दोन वर्षांपूर्वी मिळत होते?"

"चार वर्षं झाली येतायत. सांगली, मिरज, कुठंबी मिळाले असते."

वहिनींनी चार टायर काढून ठेवायला सांगितले. दुसरी एक गाडी आधी जॅकवर चढलेली होती, त्यामुळे बसवायला उद्याचा दिवस लागणार होता. जुने टायर टाकून द्यायचे का, असं शिकलगारांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, टाकून द्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लगेच लाज वाटली.

माझ्या गाडीतून परतताना त्या माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. एरवी मागं बसायच्या. हातकणंगल्याजवळ म्हणाल्या की दहा महिने त्या रोज रात्री तो रस्ता मोजत होत्या, अण्णा कुठून किती वाजता निघाला असेल, फोन आला तेव्हा कुठं असेल, किती जोरात आला असेल. आज पहिल्यांदा वाटतंय की मोजायचं काही राहिलं नाही. त्यांचा आवाज एखाद्या मुलीसारखा येत होता. मी गिअर बदलत होतो, नको तिथंही.

घराच्या दारात उतरताना त्या म्हणाल्या, "भावोजी, संध्याकाळी जेवायला या. सहा वाजता. मीही जेवणार आहे."

मी घरी गेलो आणि अंघोळ केली. बायकोला काही सांगितलं नाही. माझ्यासमोर सरळ दोन रस्ते होते. गप्प बसलो तर काही बिघडणार नव्हतं. टायर टाकून दिले होते, पावती कधी नव्हतीच, मुंबईचा तो गाळा आता असेल की नाही देव जाणे, आणि वहिनी समजत होत्या की अण्णानं स्वतःच मागवले. पण मग मेलेल्या माणसावर आणखी एक चूक चढणार होती. वेगाची मी चढवलीच होती. जो माणूस नट घट्ट बसला की नाही हे दोनदा बघायचा, त्यानं बाराएक वर्षांचे जुने टायर लावले, असं वहिनी आयुष्यभर समजणार. मी कपडे घातले तेव्हा ठरवलं होतं की सांगायचं. खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. त्यांना हलकं झालेलं मी पाहिलं होतं. मलाही हलकं व्हायचं होतं.

वहिनींनी पाट मांडले होते. माझी बायकोही येईल म्हणून तिसरं ताट तयार होतं, पण मी एकटाच आलेला बघून त्यांनी ते आत ठेवलं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, लिंबाचं लोणचं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ताटांवर येत होतं. त्या माझ्यासमोर बसल्या, हात जोडून णमोकार मंत्र म्हटला आणि पहिला घास घेतला. तो घास त्या फार वेळ चावत होत्या.

"मी त्यांना फोनवर काय म्हटलं होतं ते कुणाला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर मीही उपाशी राहीन आज. हसत म्हटलं होतं. पण म्हटलं होतं."

मी भाकरी मोडली होती. ती तशीच ठेवली.

"वहिनी, ते टायर मी आणले होते."

त्या बघत राहिल्या. राग आला, धक्का बसला, असं काही दिसलं नाही. मी सांगत गेलो. मुंबईच्या तीन फेऱ्या, तो गाळा, लेबलं, भाव. अण्णाचा त्यात काही दोष नव्हता, असं दोनतीनदा म्हटलं. आणि मग, एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना म्हणून, मी तेही सांगितलं जे आजवर स्वतःलासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं आणि वर तुम्हालाही सांगितलेलं नाही. त्या गाळ्यातल्या माणसानं टायर काढून देताना मला सांगितलं होतं की माल जुना आहे.

वहिनींचा हात ताटात थांबला. "काय म्हणाला तो? नीट सांगा."

"म्हणाला, साहेब, माल जुना आहे, बरीच वर्षं पडून आहे, पण एक किलोमीटर चाललेला नाही."

"हे तुम्ही ह्यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं की टायरचं असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. सूत चार वर्षं पडलं तरी सूतच राहतं. ते खरं होतं, पण उत्तर नव्हतं, आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"त्याला एवढा आनंद झाला होता," मी म्हणालो. "जुने म्हटलं असतं तर त्यानं परत पाठवले असते."

"त्यांनी काहीच विचारलं नाही?"

इथं मी थांबू शकलो असतो. "विचारलं. बसवताना नखानं दाबून बघितलं होतं. म्हणाला, धनू, रबर जरा कडक लागतंय. मी म्हटलं, परदेशी माल असाच असतो."

बाहेर गल्लीत कुणाच्या तरी मागाचा खडखडाट चालू होता. आमच्या गावात तो चोवीस तास असतो, ऐकू येत नाही. तेव्हा येत होता.

वहिनींनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"टायर तुम्ही आणलेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या रात्री घरी येऊन ते दुसरं काही बोललेच नाहीत. धनूनं आणले, धनूनं आणले. शिकलगारांनी विचारलं तेव्हा परक्या माणसासमोर तुमचं नाव नको म्हणून मी त्यांचं घेतलं. येताना गाडीत मला वाटत होतं, बिचाऱ्यांना त्या मुंबईवाल्यानं फसवलं, हे कळल्यावर त्यांचं काय होत असेल. म्हणून तर जेवायला बोलावलं. तुम्हाला एकट्याला घरी बसू द्यायचं नव्हतं."

मी मोडलेल्या भाकरीकडे बघत होतो.

"तुम्हालाही फसवलं असं मला वाटलं होतं," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा हळू. "मी तुमच्यासाठी रडणार होते आज."

मग त्या उठल्या. दोन्ही ताटं उचलून आत नेली. मला वाटलं, पाणी घेऊन येतील, काही बोलतील, निदान जा म्हणतील. स्वयंपाकघरातून भांड्यांचाही आवाज आला नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. मी पाटावरून उठलो आणि दार लोटून घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एसटीनं एकट्या कोल्हापूरला गेल्या. शिकलगारांनी मला नंतर सांगितलं की त्यांनी शेडमध्ये उभं राहून चारी टायर बसवून घेतले आणि प्रत्येकाचे आकडे स्वतः वाचले. स्टेपनीचेसुद्धा. रविवारी पुण्याचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला घरात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की हे टायर पाच वर्षांनी बदला, नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला. त्यानं मान डोलावली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत लोक दारात उभे होते. मी माझ्या खिडकीत होतो.

महिन्याभरात वहिनींनी कारखाना अण्णाच्या जुन्या फोरमनला चालवायला दिला आणि सांगलीला गेल्या. तिथं जैन मुलींचं एक वसतिगृह आहे, त्यात देखरेखीचं काम धरलं. जाताना माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. मला म्हणाल्या, "येते." घराची किल्ली मात्र बायकोच्या हातात दिली. बायकोनं मला कधी काही विचारलं नाही, म्हणजे वहिनींनी तिला सांगितलं असावं किंवा मुळीच सांगितलं नसावं. दोन्हींतलं काय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. वहिनी संध्याकाळी जेवायला लागल्या की नाही, तेही मला माहीत नाही.

दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. त्या दिवशी माणसं एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात आणि वर्षभरात जाणता अजाणता जे घडलं त्याची क्षमा मागतात. समोरचाही तेच म्हणतो. शब्द ठरलेले असतात. भांडलेली माणसंही ते म्हणून टाकतात, आणि पुढं जातात.

त्या वर्षी मी सांगलीला गेलो. वसतिगृहाच्या मागं वहिनींची खोली होती. दारात चपलांची रांग होती, बायका आत जाऊन बाहेर येत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडून ते शब्द म्हटले. वहिनींनी हात जोडले नाहीत.

"भावोजी, सकाळपासून मी हे सगळ्यांना म्हणतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला म्हटलं तर खोटं होईल. आजच्या दिवशी मला खोटं बोलायचं नाही. बसा, पाणी आणते."

मी बसलो, पाणी प्यालो. त्यांनी बायकोची, मुलांची चौकशी केली. त्यात कुठं तुटकपणा नव्हता.

तेव्हापासून मी दरवर्षी जातो. एका वर्षी डेंग्यू झाला होता तेवढं चुकलं, तर पुढच्या वर्षी त्यांनी तब्येत विचारली. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत आणि गुडघे दुखतात. यंदा मी गेलो तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी हात जोडले आणि म्हणायचं ते म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, दरवर्षीपेक्षा जरा जास्त वेळ.

"अजून नाही, भावोजी," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरत पाणी आणायला आत गेल्या.